वाचकांचे प्रश्न : युवकांच्या डिजिटल नेटवर्कमध्ये संस्थांना सदस्यत्व

मागील अंकात या सदरातून आम्ही वाचकांना एक प्रश्न विचारला होता. ज्या युवा डिजिटल शिक्षण नेटवर्कमध्ये मुले-मुली संगणक, ध्वनिमुद्रण, नकाशे, प्रोग्रॅमिंग अशी कौशल्ये एकमेकांकडून आणि जाणकारांकडून शिकतात, त्याचे सदस्यत्व विद्यार्थी आणि शाळा-महाविद्यालयांपुरतेच ठेवावे, की वाचनालये, बचत गटांचे संघ, तरुण मंडळे आणि स्वयंसेवी संस्था यांनाही ते खुले करावे? सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे संक्षेपाने घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या नेटवर्कमध्ये दोन तालुक्यांतील युवक आणि काही शाळा आहेत. आता दोन सार्वजनिक वाचनालये, महिला बचत गटांचा एक संघ आणि काही मंडळे सदस्यत्व मागत आहेत. आमच्यातील अनेकांना वाटते की संस्था आल्या की मुलांचे काम मागे पडेल आणि संस्थांचे कार्यक्रम पुढे येतील. आम्ही काय करावे?
— एक समन्वयक, कराड

उत्तर : सदस्यत्व द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या सहकाऱ्यांची भीती खरी आहे आणि तिच्याकडे मी पुढे येतोच. परंतु आधी संस्था का हव्यात ते पाहू. नेटवर्क केवळ शाळेभोवती उभे राहिले तर शाळा सुटताच मूलही नेटवर्कमधून सुटते. दहावीनंतर जो मुलगा गॅरेजमध्ये कामाला लागला, ज्या मुलीचे कॉलेज एसटीच्या वेळा जमत नाहीत म्हणून बंद झाले, ते दोघेही कोणत्याच मुख्याध्यापकांच्या यादीत सापडत नाहीत. मुलगा संध्याकाळी तालमीत किंवा मंडळाच्या खोलीत असतो, तर मुलगी आईबरोबर गटाच्या बैठकीला येते आणि पासबुकातील आकडे वाचून दाखवते. ज्यांना डिजिटल शिक्षणाची सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता शाळेपेक्षा या संस्थांच्या दारातून अधिक सरळ जातो.

आपल्या भागाला हे नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली आपल्या कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली ती साताऱ्याला आणली, तेव्हापासून या परिसरातील शिक्षण केवळ वर्गाच्या भिंतींत झालेले नाही. वसतिगृह, गावकऱ्यांनी दिलेले धान्य आणि मुलांचे श्रम हे सारे त्या शिक्षणाचे भाग होते. याउलट, अलीकडच्या डिजिटल साक्षरतेच्या सरकारी प्रयत्नांकडे पाहा. २०१७ साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात १४ ते ६० वयोगटातील, प्रत्येक कुटुंबातील एका व्यक्तीला २० तासांचे प्रशिक्षण देण्याची योजना होती, आणि सहा कोटी ग्रामीण कुटुंबांचे उद्दिष्ट होते. इतक्या मोठ्या संख्येला संगणकाची ओळख करून देण्याचे मोल मी कमी मानत नाही. पण प्रमाणपत्र हाती आल्यावर शिकलेल्या व्यक्तीने पुढच्या आठवड्यात कोठे बसावे, कोणासाठी आणि कोणते काम करावे, याचे उत्तर त्या रचनेत नव्हते. ते उत्तर गावातील संस्थेजवळ असते.

एक उदाहरण घेतो. सांगलीत कृष्णेच्या पाण्याची इशारा पातळी आयर्विन पुलाजवळ ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ आणि २०२१ चे पूरही लोक विसरलेले नाहीत. समजा, आपल्या नेटवर्कमधील मुलांनी ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या ऑनलाइन नकाशावर नदीकाठच्या एखाद्या गावाचा पूरनकाशा करायचे ठरवले. केवळ संगणक येणारी मुले रस्ते आणि घरे नकाशावर उमटवतील, आणि तेथे थांबतील. कोणत्या पातळीला कोणत्या बोळात पहिल्यांदा पाणी शिरते, हे तेथे राहणाऱ्या गटातील बायका सांगतील. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले वृद्ध आहेत आणि होडी कोठून आत जाऊ शकते, हे पुरात माणसे काढलेल्या मंडळाच्या मुलांना ठाऊक असेल. आधीच्या पुरांच्या तारखा आणि छायाचित्रे वाचनालयातील जुन्या वर्तमानपत्रांत मिळतील. भिंतीवरची पाण्याची रेघ टेपने मोजणे, ती उंची तक्त्यात भरणे, तिचे ठिकाण नकाशावर अचूक टाकणे आणि दोन माणसांनी सांगितलेले आकडे जुळत नसतील तर तिसऱ्याला विचारणे, या चार कामांत एक मुलगी जितके शिकेल तितके संगणकाच्या खोलीत शिकणार नाही. शिवाय तो नकाशा पुढच्या जुलैत गावाच्या उपयोगी पडेल.

बाहेरचा अनुभवही हेच सांगतो. न्यूयॉर्क शहरात २००९ साली मॅकआरthर फाउंडेशन या देणगीदार संस्थेच्या साहाय्याने हाइव्ह नावाचे शिक्षणजाळे सुरू झाले आणि पुढे फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने त्याची धुरा घेतली. त्याचे सदस्य संग्रहालये, ग्रंथालये आणि शाळेच्या वेळेबाहेर मुलांबरोबर काम करणाऱ्या संस्था असे होते. मुले त्या संस्थांमधून येत. दोन-तीन सदस्य संस्थांनी मिळून करायच्या प्रकल्पांना तेथे निधी दिला जात असे, आणि ही गोष्ट मला विशेष अनुकरणीय वाटते. एकेका संस्थेला स्वतंत्रपणे पैसे किंवा साहित्य दिले की ती आपापल्या कामाला लागते. दोघींना मिळून दिले तर त्यांना एकमेकींच्या दारात जावेच लागते.

आता आपल्या सहकाऱ्यांच्या भीतीविषयी. खटाव तालुक्यातील एका गावच्या वाचनालयात मी देणगीत मिळालेले दोन संगणक पाहिले आहेत. दोन्हींवर प्लॅस्टिकची आवरणे होती, आवरणांवर उद्‌घाटनाच्या हळदी-कुंकवाचे डाग होते, आणि खोलीची किल्ली सचिवांकडे असे. सचिव सायंकाळी सात वाजता येत, तर मुलींना साडेसहाच्या आत घरी पोहोचावे लागे. त्या मुली बाहेरच्या पायरीवर वह्या घेऊन बसून वाट पाहत आणि उठून जात. त्या वाचनालयाची नियत वाईट नव्हती. तरीही असे वाचनालय उद्या सदस्य झाले तर नेटवर्कच्या यादीत एक नाव वाढेल, त्यापलीकडे काही होणार नाही.

म्हणून संस्थेकडून प्रवेश शुल्काआधी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. पहिली म्हणजे मुलांना, आणि विशेषतः मुलींना, सोयीच्या वेळी उघडी राहणारी जागा, तिच्या ठरलेल्या तासांसह. दुसरी म्हणजे त्या तासांना हजर राहणारी एक नावानिशी जबाबदार व्यक्ती. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, म्हणजे संस्थेच्या रोजच्या कामातील एखादी खरी अडचण, जी मुले शिकता शिकता सोडवू शकतील. बचत गटांच्या संघाला लोणची-मसाल्यांच्या विक्रीचा हिशेब तक्त्यात ठेवायचा असेल, वाचनालयाला दुर्मीळ पुस्तकांची यादी संगणकावर आणायची असेल, म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारख्या किंवा जत तालुक्यातील येरळा वाणीसारख्या सामुदायिक रेडिओला गावोगावच्या मुलाखती हव्या असतील, तर मुलांना करण्यासारखे पुष्कळ काम आहे. ज्या संस्थेला अशी अडचण सांगता येत नाही, तिला अजून नेटवर्कची गरज लागलेली नाही असे समजून वर्षभर थांबायला सांगावे.

मतदानाच्या बाबतीत मात्र कठोर राहावे. संस्था कितीही मोठी असो, तिला एकच मत असावे, आणि कार्यकारिणीत सर्व संस्थांच्या प्रतिनिधींची संख्या एकतृतीयांशाहून अधिक होऊ नये. कोणता प्रकल्प घ्यायचा हे ठरवण्याचा अधिकार युवक सदस्यांकडेच राहावा. पहिले वर्ष परीक्षाधीन सदस्यत्वाचे ठेवावे आणि वर्षाअखेरीस ते कायम करायचे की नाही, याबाबत त्या संस्थेत प्रत्यक्ष बसून शिकलेल्या मुलांचे म्हणणे लेखी घ्यावे. एवढे केले तर संस्था मुलांच्या कामाला आधार देतील, आणि ज्या देणार नाहीत त्या वर्षभरात आपोआप ओळखू येतील.

प्रश्न : आमचे नेटवर्क १८६० च्या कायद्याखाली नोंदणीकृत संस्था आहे. नियमावलीत केवळ व्यक्तींना सदस्यत्व आहे. संस्थांना सदस्य करण्यासाठी कोणती प्रक्रिया करावी लागेल? अठरा वर्षांखालील मुलांचे काय?
— एक पदाधिकारी, मिरज

उत्तर : संस्था नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम १५ नुसार नियमावलीप्रमाणे प्रवेश मिळालेली, वर्गणी भरलेली किंवा सदस्यांच्या नोंदवहीत सही केलेली व्यक्ती सदस्य ठरते, आणि सर्वसाधारण कलमे अधिनियम, १८९७ मध्ये ‘व्यक्ती’ या संज्ञेत कंपनी, संघ आणि व्यक्तींचा समूहही येतो. त्यामुळे संस्थेला सदस्य करून घेण्यास मूळ कायद्याची आडकाठी नाही. अडसर असेल तर तो आपल्या नियमावलीचा आहे. सदस्यत्वाचे कलम केवळ नियमावलीत असेल, तर नियमावलीतच दुरुस्तीची जी पद्धत दिली आहे तिच्याप्रमाणे सर्वसाधारण सभेत ते बदलावे. परंतु या निमित्ताने आपण संस्थेच्या उद्देशांनाही हात लावणार असाल, उदाहरणार्थ ‘विद्यार्थ्यांसाठी’ असे लिहिले आहे तेथे ‘युवक व सामाजिक संस्थांसाठी’ असे करणार असाल, तर कलम १२ लागू होते. त्यात कार्यकारी मंडळाचा लेखी प्रस्ताव विशेष सभेच्या १० दिवस आधी सदस्यांना द्यावा लागतो, तीनपंचमांश मतांनी तो मंजूर व्हावा लागतो, आणि एक महिन्याच्या अंतराने घेतलेल्या दुसऱ्या विशेष सभेत तेवढ्याच प्रमाणात त्यावर शिक्कामोर्तब व्हावे लागते. ही दुसरी सभा घेण्याचे अनेक संस्था विसरतात आणि नंतर धर्मादाय आयुक्त कार्यालयात अडकून पडतात.

संस्थेकडून अर्ज घेताना तिच्या कार्यकारिणीचा ठराव आणि प्रतिनिधीचे नाव घ्यावे, तसेच प्रतिनिधी बदलल्यास नवा ठराव द्यावा, अशी अट घालावी. कार्यकारिणीत नवी नावे आली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, दाखल करावा. आणखी एक लक्षात ठेवावे : ज्या सदस्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे त्याला १८६० च्या अधिनियमाच्या कलम १५ नुसार मत देता येत नाही. आपल्या युवक सदस्यांची वर्गणी थकलेली आणि संस्थांची मात्र वेळेवर भरलेली असली, तर एका सभेतच नेटवर्कची सूत्रे बदलू शकतात. म्हणून युवकांची वर्गणी नाममात्र ठेवा आणि ती सभेआधी गोळा करण्याची जबाबदारी कोणावर तरी निश्चित सोपवा.

अठरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज मतदार सदस्य न करण्याची अट बहुतेक संस्थांच्या नियमावलीत असते आणि ती योग्यच आहे, कारण सदस्यत्वाबरोबर कायदेशीर जबाबदाऱ्याही येतात. मात्र म्हणून लहान मुलांचे म्हणणे हवेत सोडू नये. त्यांचे स्वतंत्र युवा मंडळ असावे, त्याच्या बैठकीचे इतिवृत्त कार्यकारिणीसमोर वाचले जावे, आणि त्यांची सूचना फेटाळली तर कारण लिहूनच ती फेटाळावी, असा नियम करावा. पंधरा वर्षांच्या मुलीला ‘तुझी सूचना का घेतली नाही’ हे कागदावर वाचायला मिळणे, हे तिच्या शिक्षणाचाच भाग आहे.

प्रश्न : आमचे गणेशोत्सव मंडळ जुने आहे, पण नोंदणी केलेली नाही. मंडळाची पक्की खोली आणि वीज आहे. आम्हाला सदस्य होता येईल का?
— सातारा तालुक्यातील एका तरुण मंडळाचे कार्यकर्ते

उत्तर : आपली खोली नेटवर्कच्या मोठ्या कामाची आहे, त्यामुळे आपण अवश्य पुढे यावे. उत्सवाच्या वर्गणीसाठी आपण दरवर्षी १९५० च्या अधिनियमातील कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांची तात्पुरती परवानगी घेत असाल. परंतु ती परवानगी त्या उत्सवापुरतीच असते आणि त्यामुळे मंडळ नोंदणीकृत होत नाही. नेटवर्ककडून संगणक किंवा निधी स्वीकारायचा असेल तर नोंदणी करून घेणे उत्तम. त्यासाठी किमान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात संस्था नोंदणीबरोबरच सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणूनही नोंदणी होते. तोपर्यंत मताधिकाराशिवायचे सहयोगी सदस्यत्व मागावे आणि साहित्य एखाद्या नोंदणीकृत सदस्य संस्थेच्या, उदाहरणार्थ गावच्या वाचनालयाच्या, नावावर ठेवून आपल्या खोलीत वापरावे. उत्सवाच्या काळात खोलीत आरास आणि साहित्य असते, तेव्हा ते दिवस मुलांचे वर्ग कोठे भरतील हेही आधीच सांगून ठेवावे. शेवटी एक आग्रहाची विनंती : मंडळाच्या खोलीत मुलींनी यावे असे वाटत असेल, तर गावच्या बचत गटातील दोन महिलांना त्या वेळेत खोलीत हजर राहण्याची विनंती करा आणि खोलीतील कॅरमचा फड त्या वेळेपुरता बंद ठेवा.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे आणि एका युवा नेटवर्कमध्ये व्हिडिओ संपादन शिकते. आता त्यात अनेक संस्था येणार असे कळते. तिचा मोबाइल क्रमांक, फोटो आणि तिने केलेले व्हिडिओ कोणाकोणाकडे जातील याची मला काळजी वाटते. ही काळजी अनाठायी आहे का?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, आपली काळजी मुळीच अनाठायी नाही, आणि संस्थांना सदस्यत्व देण्याआधी प्रत्येक नेटवर्कने आपल्यासारख्या पालकांना बोलावून या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले आहे. बालकाची वैयक्तिक माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची, तसेच मुलांच्या वर्तनावर पाळत न ठेवण्याची आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती न करण्याची तरतूद त्यात आहे. संस्था वाढल्या म्हणून एकदा दिलेली संमती सर्वांना लागू होते, असे कोणी म्हणू लागले तर ते मान्य करू नका. नवी संस्था माहिती घेणार असेल, तर तिच्यासाठी वेगळी संमती असावी, आणि ती मागे घेण्याचा अधिकार आपल्याला आहे हे त्याच कागदावर मराठीत स्पष्ट लिहिलेले असावे.

बहुतेक गोंधळ व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमधून होतो. मुले आणि सर्व संस्थांचे प्रतिनिधी एकाच ग्रुपमध्ये घातले की शंभर-दीडशे अनोळखी माणसांना मुलीचा क्रमांक मिळतो, आणि तो परत घेता येत नाही. म्हणून लहान मुलांसाठीचा निरोप पालकांच्या क्रमांकावर जावा, संस्थांच्या प्रतिनिधींचा ग्रुप वेगळा असावा, आणि कोणत्याही प्रौढ व्यक्तीने मुलांशी खासगी संदेशातून शिक्षणाचे काम करू नये, असा नियम नेटवर्कने करावा. मुलीने केलेला व्हिडिओ तिच्या नावाने प्रसिद्ध व्हावा की नावाशिवाय, हे तिला आणि आपल्याला विचारूनच ठरावे. संस्थेच्या वार्षिक अहवालात मुलांचे फोटो छापण्याची सवय इतकी रुळली आहे की त्यासाठी विचारावे लागते हेच अनेकांच्या लक्षात येत नाही.

प्रत्यक्ष वर्गात एका मुलाबरोबर एकच प्रौढ व्यक्ती बंद खोलीत कधीही नसावी. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार, म्हणजे पोक्सोनुसार, अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे आणि न कळवणे हाही गुन्हा आहे. ‘संस्थेचे नाव खराब होईल’ म्हणून प्रकरण आपसात मिटवणाऱ्या पदाधिकाऱ्यांना हे कलम कोणीतरी प्रवेशाच्या दिवशीच वाचून दाखवावे. मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक प्रत्येक सदस्य संस्थेच्या खोलीत, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावलेला असावा. आपण पुढील बैठकीला स्वतः जा आणि ही यादी मागा. लेखी उत्तर मिळाले नाही, तर मिळेपर्यंत मुलीचा क्रमांक देऊ नका, तिचे शिकणे मात्र थांबवू नका.

प्रश्न : आमच्या तालुक्यात एका नेत्याच्या नावाचे प्रतिष्ठान सदस्यत्व मागत आहे. ते पैसेही देणार आहेत. घ्यावेत का? शिवाय परदेशी किंवा कंपन्यांचा निधी सदस्य संस्थांना वाटता येईल का?
— एक विश्वस्त, सांगली

उत्तर : आपल्या दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखाने, शिक्षण संस्था आणि प्रतिष्ठाने नेत्यांभोवती उभी राहिली आहेत, आणि त्यातील काहींनी खरोखर चांगले काम केले आहे, म्हणून केवळ नावावरून नकार देऊ नये. वर सांगितलेल्या तीन अटी त्यांनाही लावाव्यात. त्याखेरीज वर्गखोलीत, प्रमाणपत्रावर आणि मुलांच्या कामावर कोणाचेही छायाचित्र असणार नाही, आणि निवडणुकीच्या काळात मुलांकडून प्रचाराचे व्हिडिओ करून घेतले जाणार नाहीत, हे लेखी घ्यावे. हे मान्य नसेल तर पैसे कितीही असोत, नम्रपणे परत करावेत.

निधीबाबत : परदेशी देणगी नियमन अधिनियमात सप्टेंबर २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशातून मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेला हस्तांतरित करता येत नाही, जरी त्या संस्थेची त्या कायद्याखाली नोंदणी असली तरी. तेव्हा अशा निधीतून सदस्य संस्थांना अनुदान देण्याची योजना आखू नका. खर्च नेटवर्कने स्वतः करावा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खालील सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी घेणाऱ्या संस्थेला आयकर सवलतीची नोंदणी (१९६१ च्या कायद्यातील १२ अ व ८० ग) आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील सीएसआर-१ नोंदणी लागते. लहान वाचनालयांकडे ती बहुधा नसते, म्हणून त्यांच्यावर हा भार न टाकता नेटवर्कने एकट्याने ती करून घ्यावी.

प्रश्न : आम्ही ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करतो. मुले हंगामापुरती येथे असतात, कोप्यांवर, म्हणजे कामगारांच्या झोपड्यांवर, इंटरनेट धड चालत नाही, आणि अनेकांची घरची भाषा गोरमाटी (बंजारा बोली) आहे. वर्षभराचे सदस्यत्व आणि नियमित ऑनलाइन वर्ग या अटी आम्हाला पूर्ण करता येणार नाहीत. तरी नेटवर्कमध्ये यावे का?
— एक कार्यकर्ती, वाळवा तालुका

उत्तर : आपण यायलाच हवे, आणि आपल्यासाठी अट बदलणे हे नेटवर्कचे काम आहे. गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्चच्या सुमारास संपतो. वर्षाचे सदस्यत्व घेऊन सात महिने गैरहजर राहण्यापेक्षा हंगामी सदस्यत्व ठेवावे, त्याची वर्गणी त्या प्रमाणात कमी असावी आणि मताधिकार मात्र पूर्ण असावा. हंगाम संपल्यावरच्या सभांना आपल्या संस्थेच्या प्रतिनिधीला बोलावणे चालू राहिले पाहिजे, कारण पुढच्या हंगामाचे निर्णय बहुधा त्याच काळात होतात.

इंटरनेटची अडचण तांत्रिकदृष्ट्या सुटू शकते. किविक्स या मोफत साधनाने मराठी विकिपीडियासारखे मजकूर एकदा उतरवून मेमरी कार्डवर ठेवता येतात आणि नंतर इंटरनेटशिवाय वाचता येतात. रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक स्वतःचे वाय-फाय तयार करून जवळच्या मोबाइलवर तो मजकूर दाखवू शकतो, आणि चालण्यासाठी त्याला साधी पॉवर बँकही पुरते. लहान मुलांसाठी असलेले स्क्रॅच हे प्रोग्रॅमिंगचे साधनही लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय चालते. म्हणजे आठवड्यातून दोनदा सायंकाळी एक स्वयंसेवक लॅपटॉप, पॉवर बँक आणि तो छोटा संगणक घेऊन कोप्यांवर गेला तरी वर्ग भरू शकतो. मोठी मुले त्या वेळी धाकट्या भावंडांना सांभाळत असतात, तेव्हा धाकट्यांसाठीही चित्रे आणि गोष्टींचे काहीतरी घेऊन जावे. नाहीतर बारा वर्षांची बहीण कडेवर बाळ घेऊन लांबूनच पाहत राहते.

भाषेबाबत मला विशेष आशा वाटते. मुलांनी आजीकडून ऐकलेली गोरमाटी गाणी आणि गोष्टी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या, त्या कापून-जोडून तयार केल्या आणि मराठीत त्यांचा परिचय लिहिला, तर ध्वनिसंपादन, लेखन आणि दोन भाषांमधली ये-जा हे सारे एकाच कामात होते. नेटवर्कमधील वाचनालयाने त्या गोष्टी आपल्या संग्रहात ठेवल्या, तर मुलांच्या नावाने काहीतरी येथे राहील. मात्र त्या प्रसिद्ध करण्याआधी आजीची आणि पालकांची संमती घ्यावी, आणि ती मुकादमामार्फत न घेता थेट त्यांच्याकडून घ्यावी, कारण मुकादमापुढे कोणी नाही म्हणणार नाही.

सर्वांत अवघड भाग मूल परत गेल्यावर सुरू होतो. स्थलांतरित मुलांसाठी शासनाचे शिक्षण हमी कार्ड असते. ते येथील शाळेकडून भरून घेण्यास आपण मदत करतच असाल. त्याबरोबर मुलाने येथे केलेले काम एका मेमरी कार्डवर घालून त्याच्या हाती द्यावे, त्यावर काय काय शिकून झाले आहे याचे अर्ध्या पानाचे मराठी टिपण असावे, आणि मूळ गावातील शाळेला किंवा संस्थेला एक फोन करावा. बीड किंवा अन्य जिल्ह्यांत अशीच काही संस्था असेल, तर तिला आपल्या नेटवर्कचे दूरस्थ सहयोगी सदस्यत्व द्यावे, म्हणजे पुढील हंगामात तेच मूल दुसऱ्या कारखान्यावर गेले तरी त्याचा माग लागेल. आपला अर्ज हंगाम सुरू होण्याची वाट न पाहता ऑगस्टच्या आत द्या. टोळ्या येतील तेव्हा मेमरी कार्डे मजकुराने भरलेली, स्वयंसेवक ठरलेले आणि कोणत्या वारी कोणत्या कोप्यांवर जायचे याचे वेळापत्रक आईवडिलांना सांगण्यासाठी तयार असले पाहिजे.